औषधाचे नाव काय?

आमच्या घरी लक्ष्मी कधी यायची ती येवो, झुरळे मात्र नेमाने येतात. त्यांना मुहूर्त लागत नाही, रांगोळी लागत नाही, आणि दार उघडे ठेवावे लागते असेही नाही. अंधेरी पूर्वेला, स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांवर, चाळीस वर्षांच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. इमारतीचे प्लास्टर पडते, गच्ची गळते, सेक्रेटरी बदलतात. पण मोरीच्या जाळीतून वर येणारी ही मिशाळ मंडळी काही जागची हललेली नाहीत. सोसायटीच्या भागदाखल्यावर त्यांची नावे नाहीत, एवढेच.

यंदा दिवाळीचा माळा उपसायला काढला त्याच दिवशी सौभाग्यवतीने फर्मान काढले, "चकल्यांची भाजणी दळून आणायच्या आधी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. पण ह्या खेपेला बघून बोलवा."

'ह्या खेपेला' ह्या दोन शब्दांवर तिने जो जोर दिला, तो छापील अक्षरांत उतरवता येत नाही. एरवी ह्या पानावर मी इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगून वाचकांचा वेळ घेतो. आजची गोष्ट आमच्या घरच्या फजितीची आहे. आणि ती नुसती फजिती असती तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते.

गेल्या वर्षी मी जो माणूस बोलावला, त्याचा नंबर लिफ्टमध्ये चिकटवलेल्या चिठ्ठीवर होता. शेजारच्यांनी दोन हजार रुपये दिले होते, हा आठशेत तयार झाला. मी पेशाने मास्तर. आठशे आणि दोन हजार ह्यांतला फरक मला चटकन समजतो. बाकीचे फरक समजायला वेळ लागतो. ठरल्या वेळी दोन पोरे आली. पाठीला पंप, तोंडाला हातरुमाल बांधलेला, आणि हातात थंड पेयाची रिकामी झालेली प्लास्टिकची बाटली. बाटलीत दुधट पाणी होते. त्यांनी ओट्याखाली मारले, कपाटामागे मारले, पलंगाखाली मारले, आणि मी सांगितले नसताना आईच्या गादीवरही मारले. "अर्ध्या तासाने पंखा लावा, काका, म्हणजे झालं," असे सांगून, पैसे घेऊन ती गेली. पावती मी मागितली नाही आणि त्यांनी दिली नाही. बाराशे रुपये वाचवल्याच्या आनंदात मी त्या दिवशी चहा दोनदा घेतला.

रात्री नवाच्या सुमारास आईला खोकला सुरू झाला. आईचे वय शहात्तर. आधी वाटले, धूळ उडाली असेल. मग तिला घाम फुटला, तोंडाला लाळ सुटू लागली, आणि "डोळ्यांपुढे सगळं धूसर दिसतंय रे" असे ती म्हणाली तेव्हा माझ्या पायांतले बळ गेले. रिक्षात घालून तिला जवळच्या इस्पितळात नेले. डॉक्टरांनी बॅटरीने तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या पाहिल्या आणि मान वर न करताच विचारले, "घरात काही औषध मारलंय का?"

"हो. झुरळांचं."

"नाव काय?"

मी त्या पोराचे नाव सांगितले.

"त्याचं नव्हे हो. औषधाचं!"

वाचकहो, दर जूनमध्ये नव्या वर्गापुढे उभा राहून मी 'नाम' शिकवतो. वस्तूला नाव नसेल तर व्यवहार कसा अडतो, हे मुलांना पटवण्यासाठी नाना दृष्टांत देतो. त्या रात्री मला एका वस्तूचे नाव सांगायचे होते आणि ते मला येत नव्हते. चिठ्ठीवरचा नंबर लावला, तर फोन बंद.

डॉक्टर भले गृहस्थ होते. उपचार सुरू झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन समजावले. कीटकनाशकांची कुळे निरनिराळी. ऑर्गॅनोफॉस्फेट नावाचे एक कूळ आहे. त्याची बाधा झाली तर ॲट्रोपिन द्यावे लागते. पायरेथ्रॉइड म्हणून दुसरे कूळ आहे. त्याला असा ठरावीक उतारा नाही, जे लक्षण दिसेल त्यावर इलाज करायचा. "लक्षणांवरून आम्ही ओळखतो," ते म्हणाले, "पण नाव कळलं असतं तर तेवढा वेळ वाचला असता." पाचव्या दिवशी आई घरी आली. इस्पितळाच्या बिलाचा आकडा लिहीत नाही. वाचलेले बाराशे त्यात कुठे बुडाले ते शोधूनही सापडले नसते.

ह्या प्रकरणाने माझी झोप उडाली आणि मी वाचायला बसलो. मास्तरांना संकटात दुसरे काय सुचणार! तेव्हा समजले की ही नावाची गोष्ट आमच्या घरापुरती नाही. ह्या देशातला कीटकनाशकांचा कायदाच अशा एका मोठ्या घातातून जन्माला आला आहे. १९५८ साली केरळात, आणि त्या वेळच्या मद्रास राज्यातही, पॅराथिऑन नावाचे जहाल कीटकनाशक खाण्याच्या धान्यात मिसळले गेले. माल वाहून नेताना अन्न आणि विष शेजारी शेजारी ठेवले होते. शंभरावर माणसे दगावली. चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला, आणि तो आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा ह्यांचा होता. पुढे तज्ज्ञांच्या समित्या बसल्या, आणि दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशक कायदा झाला. त्याचे नियम १९७१ सालचे.

त्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, नोंदणी झाल्यावाचून कोणतेही कीटकनाशक विकता येत नाही, आणि प्रत्येक बाटलीवर त्याची जन्मपत्रिका छापावी लागते: घटकाचे नाव, नोंदणीचा क्रमांक, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, विषबाधेची लक्षणे आणि त्यावरचा उतारा. शिवाय कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातला रंग पाहावा. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा त्याच्या खालोखाल, निळा मध्यम, हिरवा सौम्य. सौम्य म्हणजे निर्विष नव्हे. विंचवापेक्षा गांधीलमाशी बरी, इतकाच त्याचा अर्थ. आता माझ्या थंड पेयाच्या बाटलीकडे पाहा! तिच्यावर रंग होता, नाव होते, तारीखही होती. पण ती सगळी सरबताची.

दुसरी गोष्ट माणसाची. पैसे घेऊन घरोघर हे काम करायचे तर परवाना लागतो. आपल्या राज्यात तो कृषी खात्याकडून मिळतो. झुरळांचा आणि शेतीचा संबंध काय, असे मलाही वाटले होते. पण औषध शेतावर मारा की ओट्याखाली, कायदा एकच. परवान्यासाठी शेतकीचा पदवीधर किंवा रसायनशास्त्र घेऊन झालेला विज्ञानाचा पदवीधर लागतो, आणि त्यावर मान्य संस्थेतले किमान पंधरा दिवसांचे प्रशिक्षण. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था ही त्यांपैकी एक. आम्ही स्वयंपाकाला बाई ठेवताना चार घरी चौकशी करतो. विष घेऊन येणाऱ्याला मात्र लिफ्टमधल्या चिठ्ठीवरून आत घेतो.

तर यंदा मी तिघांना पारखले. वर्गात पोरांच्या तोंडी परीक्षा घेण्यात हयात गेली; ती विद्या प्रथमच संसाराच्या कामी आली.

पहिल्याची परीक्षा फोनवरच आटोपली. "सर, आमचं सगळं हर्बल आहे," तो म्हणाला, "वास नाही, त्रास नाही. लहान मूल चाटलं तरी काही होणार नाही." मी विचारले, "मग झुरळ चाटल्यावर कसं मरतं?" फोन थोडा वेळ गप्प झाला आणि मग बंद पडला.

दुसरा टाय लावून आला. त्याला तीन वर्षांचा करार हवा होता. त्याने दाराच्या चौकटीवर टिचकी मारली, भिंतीला कान लावला, आणि घर वाळवीने पोखरले असल्याचे जाहीर केले. त्याला आणखी वाव दिला असता तर आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिललाही वाळवी लागली आहे, असे त्याने सिद्ध केले असते. तो काळा पत्थर सहा कोटी वर्षांहून अधिक जुना आहे म्हणतात. मी नम्रपणे म्हटले, "वाळवी येते तेव्हा भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या बांधत येते. तेवढी एक नळी दाखवा." नळी काही सापडली नाही. वर्षातून किती फेऱ्या, कोणते औषध, ते करारात कुठे लिहिले आहे, असे विचारले. तो हसून म्हणाला, "सर, विश्वास ठेवा."

मंडळी, इथेच मेख आहे. विश्वास ठेवा असे सांगावे लागते, तिथे दाखवण्यासारखे काही नसते.

तिसऱ्याने फोनवर भाव सांगितलाच नाही. "घर बघितल्याशिवाय कसं सांगू?" म्हणाला. पन्नाशीचा गृहस्थ, खांद्याला पिशवी, हातात बॅटरी. आत येताच त्याने मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरात कोणाला दमा आहे का? लहान मूल, गरोदर बाई? पक्षी पाळलाय का? माशांची पेटी आहे का? काही औषधे माणसाला सोसतात पण मासे त्यांनी मरतात, असे त्याने सांगितले. मग तो गुडघे टेकून सिंकखाली शिरला. फ्रिजची मागची बाजू, कपाटांच्या बिजागऱ्या, गॅसच्या शेगडीखालची फट, सगळीकडे त्याने बॅटरी फिरवली. बाहेर येऊन म्हणाला, "बारीक झुरळं आहेत, जर्मन जातीची. एका मादीच्या पिशवीत तीस-चाळीस अंडी असतात. स्वयंपाकघरात फवारा नको. फटींमध्ये जेलचे ठिपके लावू. ते खाऊन झुरळ आपल्या बिळात जाऊन मरतं, आणि त्याची घाण खाऊन दुसरी मरतात. पण तुम्ही नंतर वरून बाजारातला स्प्रे मारलात तर ती जेलकडे फिरकणार नाहीत. आणि आधी प्लंबर बोलवा. तुमची सिंकची नळी गळतेय. पाणी मिळालं की ही जात नाहीत."

"आणि ढेकूण? वाळवी?" मी आशाळभूतपणे विचारले. दोन हजारांत जास्तीत जास्त प्राणी मारून घ्यावेत अशी माझी मध्यमवर्गीय इच्छा होती.

"ढेकूण नाहीत. असते तर दोन फेऱ्या कराव्या लागल्या असत्या, कारण अंडी पहिल्या फवाऱ्याला दाद देत नाहीत. वाळवी पण नाही. नाही त्याचे पैसे कशाला देता?"

त्या वाक्याने तो निम्मा पास झाला. उरलेल्या निम्म्यासाठी मी परवाना मागितला. न रागावता त्याने पिशवीतून प्रत काढली. नाव, पत्ता, मुदत मी वाचली. "परवाना मालकांच्या नावावर आहे, साहेब," तो आपणहून म्हणाला, "ते शिकलेले. मी त्यांच्या हाताखाली पंधरा वर्षं काम करतोय." आपल्याकडे काय नाही हे जो आधी सांगतो, त्याच्याकडे जे आहे ते खरे असण्याचा संभव असतो. परीक्षकाच्या खुर्चीत बसून मी एवढे तरी शिकलो आहे. भाव अठराशे. मी घासाघीस केली नाही. सौभाग्यवतीने माझ्याकडे चमकून पाहिले.

काम ठरले त्या दिवशी त्याने हातमोजे चढवले, तोंडाला औषधाचा मुखवटा लावला, आणि सीलबंद बाटली माझ्यासमोर फोडली. ते पाहताना गेल्या वर्षीची दोन पोरे माझ्या डोळ्यांपुढे आली. तोंडाला हातरुमाल बांधलेली. आम्ही एकदा श्वासात घेतले ते विष ती रोज घेत असतील. त्यांना कोणी मोजे दिले नव्हते, आणि ते माझ्या डोळ्यांना दिसत असूनही मला खटकले नव्हते. ज्याच्या मालकाला आपल्या माणसाच्या फुफ्फुसाची पर्वा नाही, त्याला माझ्या आईच्या फुफ्फुसाची कुठून असणार? हा हिशेब मला तेव्हा सुचायला हवा होता. आठशे रुपये कशामुळे आठशे होते, हे त्या हातरुमालावरच लिहिलेले होते.

घरात औषध मारायला परका माणूस येणे, आणि त्याची धास्ती वाटणे, ह्यात मुंबईला नवे काही नाही. १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला तेव्हा सरकारी माणसे घरात शिरत, कार्बोलिकचे फवारे मारत, जमिनी उकरत, प्रकाशासाठी कौले काढत. लोक शहर सोडून पळाले. १८९८ च्या मार्चमध्ये त्या तपासण्यांवरून मुंबईत दंगाही झाला. हेतू रोग घालवण्याचा होता, पण घरमालकाला कोणी काही सांगत नव्हते आणि त्याने विचारलेले कोणी ऐकत नव्हते. आज उंदरांसाठी महापालिकेचा कीटकनाशक विभाग आहे. त्याचे मूषक संहारक रात्री काठी आणि बॅटरी घेऊन गल्लीबोळांत हिंडतात, आणि एका रात्रीत किमान ३० उंदीर मारायचे असा त्यांचा दंडक ऐकून आहे. इमारतीभोवती बिळे झाली असतील तर अंधेरी पूर्वेच्या लोकांनी आपल्या विभाग कार्यालयात तक्रार करावी. त्याला पैसे पडत नाहीत. घराच्या आतला कारभार मात्र आपला आपण पाहायचा. आपल्या पणजोबांना जो प्रश्न विचारता आला नाही, तो विचारायला आज आपल्याला कोणाची आडकाठी नाही. आपणच भिडेखातर विचारत नाही.

आणि भीड महाग पडते. २०२० च्या फेब्रुवारीत पुण्यात बिबवेवाडीला फवारणीनंतर घरी परतलेले एक पती-पत्नी गुदमरून गेल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. घर किती तास बंद ठेवायचे, आल्यावर खिडक्या केव्हा आणि किती वेळ उघडायच्या, हे कामाआधी विचारून कागदावर लिहून घ्यावे. दुसरे म्हणजे, वर्षाचे गहू-तांदूळ भरणाऱ्या घरांत डब्यात टाकायला राखाडी गोळ्या कोणी देऊ केल्या, तर त्या घराबाहेर काढा. ॲल्युमिनियम फॉस्फाइडला हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि त्याला उतारा नाही. म्हणूनच त्या गोळ्या मान्य तज्ज्ञाच्या देखरेखीवाचून वापरायला कायद्याची बंदी आहे. आपला कडुनिंबाचा पाला आणि डाळीला एरंडेलाचे बोट काय वाईट आहे? आणि एवढे करूनही बाधा झालीच, तर बाटली किंवा तिचे लेबल हातात घेऊनच दवाखाना गाठावा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे. त्याचा नंबर १८०० ११६ ११७. आमच्या घरी तो आता कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेला आहे.

पण सगळी जबाबदारी त्या माणसावर टाकून मोकळे होता येत नाही. आपणही विश्वासाला पात्र असावे लागते. त्याने सांगितले होते की भांडी झाकून ठेवा, पीठ-धान्य बाहेर काढा, प्लंबर बोलवा. ते सगळे आम्ही केले. प्लंबरने नळीचे पाचशे घेतले. आईला त्या दिवशी मुलुंडला बहिणीकडे पाठवायचे ठरले होते. पण ती निघण्याआधीच हा माणूस येऊन पोचला. आई दारातल्या खुर्चीवर चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. त्याने पिशवी खाली ठेवली, वाकून नमस्कार केला. आई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली,

"नाव काय रे, बाबा?"

त्याने आपले नाव सांगितले, गाव सांगितले.

"तुझं नव्हे," आई म्हणाली, "औषधाचं."

तो हसला नाही. त्याने बाटली काढली, लेबल तिच्या चष्म्यापुढे धरले, आणि एकेक अक्षर लावून नाव वाचून दाखवले. मग तेच नाव, नोंदणी क्रमांकासकट, त्याने पावतीवर लिहिले आणि पावती माझ्याकडे न देता तिच्या हातात दिली. आईने ती घडी घालून बटव्यात ठेवली, आणि मला म्हणाली, "चल, आता रिक्षा बोलाव."